सहावी ते आठवीचे उपक्रम आणि प्रकल्प: पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

जूनच्या पहिल्या पालकसभेत आणि मग दिवाळीआधी, प्रकल्पवह्या जमा करायच्या आठवड्यात, तेच प्रश्न पुन्हा येतात. मी उच्च प्राथमिकला विज्ञान शिकवते आणि तिन्ही वर्गांचे प्रकल्प पाहते. फोनवर घाईत दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. काही प्रश्न मुलांनी विचारलेले आहेत, तेही तसेच ठेवले आहेत.

उपक्रम आणि प्रकल्प यात फरक काय? आम्हाला दोन्ही सारखंच वाटतं.

उपक्रम एका बैठकीत, फार तर दोन-तीन तासिकांत संपतो आणि काय करायचं ते बहुतेक शिक्षक सांगतात. मीठ, साखर, वाळू आणि तेल पाण्यात टाकून काय विरघळतं ते पाहणं हा उपक्रम. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘करून पहा’ आणि ‘सांगा पाहू’ असे चौकोन असतात, ते सगळे या प्रकारातले.

प्रकल्पाला मुलाचा स्वतःचा प्रश्न लागतो आणि त्याचं उत्तर आज मिळत नाही. ‘आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी जून ते डिसेंबर किती चढतं आणि किती उतरतं?’ हा प्रकल्प झाला, कारण जूनमध्ये याचं उत्तर ना मुलाला ठाऊक असतं, ना मला.

याला गुण किती असतात?

आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारं, असे दोन भाग. सहावीला दोन्हींचा वाटा निम्मा-निम्मा, सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय ही सगळी आकारिकची साधनं. आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम वेगळे आहेत, ते वर्गशिक्षक त्या त्या वर्षी सांगतात.

थोडक्यात, एकट्या प्रकल्पाचे गुण फार नसतात. त्यासाठी रात्री बारापर्यंत जागू नका.

विषय शाळा देते की मुलानं निवडायचा?

मुलानं निवडायचा. यामागचं कारण सांगते.

नोकरीच्या सुरुवातीला मी सातवीला एकच विषय दिला होता, ‘पाणी’. पंधरा दिवसांनी चाळीसेक फायली आल्या. पहिल्या उघडल्या तेव्हा आनंद झाला. दहावी उघडली तेव्हा लक्षात आलं की मधली पानं हुबेहूब तीच आहेत. एसटी स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ‘पाणी प्रकल्प’ मागितला की बारा पानांचा संच मिळत होता, चित्रांसकट. मुलांनी मुखपृष्ठ रंगवलं, नाव लिहिलं, फाइल लावली. एका मुलाच्या गावाला तेव्हा टँकर येत होता आणि त्याच्या फाइलमध्ये टँकरचा उल्लेखही नव्हता. त्याला विचारलं तर म्हणाला, “बाई, ते प्रकल्पात घ्यायचं असतं का?” चूक माझी होती. विषय एवढा मोठा आणि मोघम दिला, की मुलाला तो स्वतःच्या घरापर्यंत आणताच आला नाही.

तेव्हापासून मी विषयाऐवजी प्रश्न मागते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत प्रत्येकानं तीन प्रश्न लिहून आणायचे. त्यातला एक आम्ही दोघं मिळून ठरवतो.

प्रश्न चांगला आहे हे कसं ओळखायचं?

मी मुलांना दोनच गोष्टी तपासायला सांगते. उत्तर मोजता, बघता किंवा कुणाला तरी विचारता येईल का? आणि त्यासाठी चालत किंवा सायकलवर जाता येईल का?

‘प्रदूषण’ हा प्रश्न नाही. ‘आमच्या गल्लीतल्या दहा घरांतून रोज प्लॅस्टिकच्या किती पिशव्या कचऱ्यात जातात?’ हा प्रश्न आहे. ‘आरोग्य’ नाही, पण ‘आमच्या वर्गातली किती मुलं सकाळी न खाता शाळेत येतात आणि का?’ हा आहे. ‘डेंग्यू’ नाही, पण ‘आमच्या आळीत पाणी साचलेल्या किती जागा आहेत आणि त्यातल्या कितींत अळ्या दिसतात?’ हा आहे. गेल्या काही वर्षांतला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न सहावीतल्या एका मुलीचा होता: ‘आमची म्हैस पावसाळ्यात जास्त दूध देते असं बाबा म्हणतात, ते खरं आहे का?’ डेअरीच्या पावत्या घरातच होत्या.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत एखादा प्रकल्प दाखवाल का?

आमच्याकडे दरवर्षी कुठला तरी गट पाऊस मोजतो, तोच दाखवते. खर्च जवळजवळ नाही, आणि सहावीच्या मुलाला पूर्ण झेपतो.

दोन लिटरची सरळ कडांची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग घरातल्या मोठ्या माणसानं कापून द्यायचा आणि झाकण काढून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. या बाटल्यांचा तळ खाचाखोचांचा असतो, तिथून मोजलं तर आकडा चुकतो. म्हणून तळाशी खडे टाकायचे आणि जिथून बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी ओतायचं. तिथे शून्याची खूण. तिथून वर मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवायची, तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी. बाटली झाडापासून आणि भिंतीपासून लांब, चार विटांच्या मधे ठेवायची. एक वर्षी आमच्या मुलांनी ती पत्र्याच्या वळचणीखाली ठेवली होती आणि पहिल्याच दिवशी बाटली भरून वाहिली. का वाहिली ते त्यांनीच शोधून काढलं, मी फक्त ‘वर बघा’ म्हटलं.

वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतं. ज्यांची शाळा उशिरा भरते, त्यांनी घराच्या अंगणात मोजायचा. वाचून झालं की जास्तीचं पाणी ओतून पुन्हा शून्यावर आणायचं. कोरड्या दिवसांत शून्याचं पाणी उडून जातं, तेवढं परत भरायचं. रविवारी कुणी मोजलं नाही तर सोमवारच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असं प्रामाणिकपणे लिहायचं, रविवारचा आकडा मनानं टाकायचा नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: “बाई, मोठी बाटली ठेवली तर जास्त पाऊस भरेल ना?” मी उत्तर देत नाही. सरळ कडांचे दोन डबे, एक मोठा आणि एक लहान, पावसात शेजारी शेजारी ठेवायला सांगते. दोन्हींत पाण्याची उंची सारखी निघाली की मुलं आधी विश्वासच ठेवत नाहीत, पट्टी बदलून पुन्हा मोजतात. मिलिमीटर ही उंची आहे, पाण्याचं प्रमाण नाही, हे त्या दिवशी जे कळतं ते फळ्यावर मी दहा वेळा लिहूनही कळलं नसतं.

मग गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वर्गाचं छत आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद, म्हणजे ४८ चौरस मीटर. रात्रीत २५ मिलिमीटर पडला तर ४८ गुणिले २५, म्हणजे १,२०० लिटर. शाळेवरची काळी टाकी हजार लिटरची. एका रात्रीत ती भरून वर दोनशे लिटर वाहिलं असतं. हा हिशोब करून झाल्यावर एका गटानं मुख्याध्यापकांना छताच्या पन्हळीसाठी अर्ज लिहिला, आणि तो मराठीच्या बाईंनी पत्रलेखनाचा उपक्रम म्हणून धरला.

शेवटी वहीत पाच गोष्टी हव्यात: प्रश्न काय होता, आधी काय वाटलं होतं, काय केलं, रोजच्या नोंदी, आणि काय कळलं. सहावी गोष्ट मी मुद्दाम मागते: कुठे चुकलं?

प्रकल्प विज्ञानाचाच हवा का? आमच्या मुलाला इतिहासाची आवड आहे.

मुळीच नाही. सातवी-आठवीला इतिहासाचे प्रकल्प उलट जास्त चांगले होतात, कारण त्यांचं साधन घरातच ओसरीवर बसलेलं असतं.

आठवीला आधुनिक भारत शिकताना आम्ही मौखिक इतिहास घेतो. आजी-आजोबांनी स्वतः पाहिलेली एक घटना निवडायची. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात १९७२चा दुष्काळ हा विषय घरोघरी आहे. पुण्यात १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर, कोयनेकाठी ११ डिसेंबर १९६७चा भूकंप, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, आणि गिरणगावात १९८२चा गिरणी संप. प्रत्येक भागाची एक तारीख असते. घरात ती बोलली जाते, पण वहीत कधी येत नाही.

प्रश्न कसे विचारायचे हे आधी वर्गात शिकवतो. ‘आजी, दुष्काळाबद्दल सांग’ असं विचारलं की आजी म्हणते, ‘लई हाल झाले बाबा’ आणि थांबते. त्याऐवजी, तेव्हा पाणी कुठून आणत होतीस? दिवसाची मजुरी किती? खडी फोडायला कुठे जात होतीस? घरातली जनावरं कुठे गेली? भाकरी कशाची होती? या शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच आज्या ‘मिलो’ हा शब्द उच्चारतात, बाहेरून आलेली ती लाल ज्वारी. दुष्काळी कामांवर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव सांगतात. एका मुलीनं वहीत लिहिलं होतं: ‘मिलोची भाकरी कशी लागायची असं विचारल्यावर आजी उठून आत गेली आणि थोड्या वेळानं चहा घेऊन बाहेर आली. मग सांगितलं.’ हे वाक्य लिहिणाऱ्या मुलीला मी आणखी काय शिकवणार होते?

मग पडताळणी. एकाच घटनेबद्दल निदान दोन माणसांना विचारायचं. त्यांच्या सांगण्यात फरक आला तर दोन्ही लिहायचं. जुनी कागदपत्रं बघायची. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याचं कारण लिहायचा रकाना आहे. मी नावं झाकून तो रकाना मुलांना दाखवते आणि कुठल्या वर्षी किती मुलांनी मधेच शाळा सोडली ते ती मोजतात. पुढे रोजगार हमीचा १९७७चा कायदा पुस्तकात वाचताना त्यांना तो कोरडा वाटत नाही.

एक अट कडक आहे. सांगणाऱ्या माणसाची परवानगी हवी. ध्वनिमुद्रण नको म्हटलं तर करायचं नाही, आणि रडू आलं तर वही बंद करायची.

गणितात कसला प्रकल्प करणार?

वीजबिलाचा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटांचा आलेख छापलेला असतो, तो मुलानं आपल्या आलेख कागदावर काढायचा आणि जास्त-कमी का झालं ते घरच्यांना विचारायचं. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. म्हणजे २,००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, आणि तेवढ्याच युनिटात ९ वॅटचा एलईडी दिवा १११ तास जळतो. हा हिशोब स्वतः केलेलं मूल घरात गिझर बंद करत फिरतं, असं पालकच सांगतात.

दुसरा प्रकल्प सावलीचा, तो पुढच्या प्रश्नात.

“बाई, बारा वाजता सावली सगळ्यात लहान का नसते?” (सातवीतला प्रश्न)

कारण आपलं घड्याळ आपल्या गावाचं नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या. आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. दर अंशाला चार मिनिटं, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावरच्या रेषेत उशिरा येतो. शिवाय वर्षभरात त्यात काही मिनिटांची चढउतार होते.

हे करून बघा. बरोबर एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करा आणि १२ ते १ या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूनं खूण करा. २३ सप्टेंबरच्या सुमाराला पुण्यात सगळ्यात लहान सावली साधारण १२ वाजून २७ मिनिटांनी पडते आणि ती ३३-३४ सेंटिमीटर भरते. त्याच दिवशी कोल्हापुरात ती सुमारे ३० आणि नागपुरात सुमारे ३९ सेंटिमीटर असते. आता आलेख कागदावर एक मीटरची काठी आणि ही सावली प्रमाणात काढा, वरच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकानं मोजा. तो कोन म्हणजे तुमच्या गावाचा अक्षांश! नकाशा उघडून ताडून पाहा. २२ डिसेंबरला पुण्यात तीच सावली ९० सेंटिमीटरच्या आसपास जाते.

शून्य सावलीचा दिवस महाराष्ट्रात मे महिन्यात येतो तेव्हा शाळेला सुट्टी असते, आणि जुलैच्या आसपास पुन्हा येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणून शाळेत आम्ही सप्टेंबर आणि डिसेंबर धरतो. सप्टेंबरमध्येही ढग येतात. आठवडाभर रोज काठी लावायची तयारी ठेवा.

पालकांनी किती मदत करायची?

ब्लेडनं कापणं, शिडीवर चढणं, विहिरीपाशी किंवा ओढ्यापाशी सोबत जाणं, ओळखीच्या माणसाकडे घेऊन जाणं, हे तुमचं. लिहिणं, रंगवणं, आकडे मांडणं हे मुलाचं. अक्षर वाकडं असू दे. मला तुमचं अक्षर ओळखू येतं, आणि तुमच्या मुलालाही कळतं की बाईंना ते ओळखू आलं आहे.

सगळ्यात मोठी मदत म्हणजे जेवताना ‘आज काय दिसलं?’ एवढं विचारणं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकणं.

खर्च किती येतो? दुकानातलं तयार मॉडेल चालेल का?

तयार मॉडेल चालणार नाही. ज्वालामुखी, सूर्यमाला, ठिबक सिंचन असे संच मिळतात, त्यांना आम्ही गुण देत नाही. खर्चाची मर्यादा पन्नास रुपये आहे आणि ती सगळ्यांना सारखी आहे. ज्यांना हजार रुपये परवडतात त्यांनाही पन्नासच. पुठ्ठा घरातला, कागद पाठकोरा, चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. थर्माकोल नको. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आहे, आणि शाळेनं ती पाळली पाहिजे.

टाकाऊ वस्तूंपासून काय काय करता येतं हे बघायचं असेल तर अरविंद गुप्ता यांची विज्ञान खेळणी पाहा, मराठीतही उपलब्ध आहेत. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आगकाडी आणि रिफिल यांतून ते विज्ञान उभं करतात.

इंटरनेट आणि चॅटजीपीटी वापरू द्यायचं का?

शब्दाचा अर्थ बघायला, नकाशा बघायला, पक्ष्याचा फोटो ताडून पाहायला वापरा. उत्तर लिहायला नको. यंत्राला तुमच्या विहिरीत किती पाणी आहे हे माहीत नाही, आणि तरी ते सुबक परिच्छेद लिहून देतं. मग मूल आपल्या नोंदींऐवजी त्या परिच्छेदावर विश्वास ठेवायला लागतं. माझी काळजी गुणांची नाही, याची आहे.

ओळखायचं कसं, असं काही पालक विचारतात. मी वही मिटून मुलाशी पाच मिनिटं बोलते. ज्यानं रोज सकाळी बाटली वाचली आहे तो आकड्यांशिवाय इतर बरंच सांगतो, बाटलीत मुंगळा पडला होता तेसुद्धा.

गटात आमचीच मुलगी सगळं करते. बाकीचे नुसतं नाव लावतात.

ही तक्रार दरवर्षी येते आणि बहुतेक वेळा खरी असते. म्हणून गट चारपेक्षा मोठा करत नाही आणि प्रत्येक नोंदीखाली ती घेणाऱ्याची सही असते. मांडणीच्या दिवशी कोण काय बोलणार हे चिठ्ठी टाकून ठरतं. ज्यानं काही केलं नाही त्याला आकडे समजावून घ्यावेच लागतात.

मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघते. अक्षर चांगलं म्हणून लिहिण्याचं काम मुलींकडे आणि जोडाजोडीचं, पक्कड-वायरचं मुलांकडे असं आपोआप होतं. ते मी मोडते. कामं दर आठवड्याला फिरतात.

आमचा मुलगा सगळ्यांसमोर बोलत नाही. तोंडी मांडणीचे गुण जाणार का?

नाही. तो मला एकटीला सांगू शकतो, मित्राबरोबर उभा राहू शकतो, घरच्या बोलीत बोलू शकतो. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोरकू, गोंडी, जी असेल ती. समजलं नाही तर मी विचारीन.

प्रयोग फसला किंवा उत्तर उलटं आलं तर गुण कापता का?

कधीच नाही. म्हैसवाल्या मुलीच्या पावत्यांतून बाबांचं म्हणणं खरं निघालं नाही. तिनं भीत भीत विचारलं, “बाई, असं लिहिलं तर चालेल?” तेच लिहायचं असतं. खाडाखोड करून ‘बरोबर’ उत्तर आणलेलं मात्र चालत नाही. पेननं लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारायची, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे.

सुरक्षिततेचं काय?

घरातल्या विजेच्या बोर्डाला जोडलेलं काहीही नको, पेन्सिल सेल पुरतात. आम्ल म्हणजे लिंबू आणि व्हिनेगर, बाकी प्रयोगशाळेत माझ्यासमोर. साप, विंचू, पिल्लं पकडायची नाहीत, घरटी हलवायची नाहीत. पाण्याजवळ एकट्यानं जायचं नाही.

दप्तराविना दिवस म्हणजे सुट्टीच ना? त्या दिवशी पाठवलं नाही तर चालेल?

पाठवाच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये सहावी ते आठवीसाठी असे दहा दिवस सांगितले आहेत, आणि त्यांचा उद्देश स्पष्ट आहे: सुतार, कुंभार, माळी, कलाकार अशा गावातल्या कसबी माणसांबरोबर मुलांनी काम करायचं. आनंददायी शनिवारही आम्ही काही वेळा याला जोडून घेतो.

गेल्या वेळी मुलं कुंभारवाड्यात गेली होती. चाकावर माती बसवायलाच त्यांना तासभर लागला. एकाची माती दर वेळी एका बाजूला कलायची. कुंभारदादांनी त्याचा डावा कोपर धरून मांडीला टेकवला आणि म्हणाले, “हात नको हलवू, मातीला हलू दे.” पुढचं भांडं उभं राहिलं. माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारताना नमस्कार करून, त्याच्या वेळेला जायचं, हेही मुलं तिथेच शिकतात. ज्यांच्याकडे जातो त्यांना नंतर मुलांच्या हातची पत्रं जातात.

सहलीला एवढे पैसे का?

एसटीनं नेलं तर शालेय सहलीला निम्मी सवलत मिळते, म्हणून आम्ही एसटीच धरतो. तरीही ज्यांना जमणार नाही त्यांनी वर्गशिक्षकांना हळूच सांगा. मूल मागे राहणार नाही.

बालबाजार, शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक यात अभ्यासाचा वेळ जात नाही का?

तोच अभ्यास आहे. मेथीची जुडी दहाला आणून पंधराला विकली, तीन सुकल्या, दोन उधार गेल्या, तर नफा किती? हे उदाहरण पुस्तकात सोडवताना रडणारं मूल बाजारात तोंडी करतं. निवडणुकीत मतदार यादी, अर्ज, माघार, गुप्त मतदान, मतमोजणी सगळं होतं. हरलेल्या उमेदवारानं जिंकलेल्याचं अभिनंदन करायचं असतं. ते दरवर्षी अवघड जातं, आणि दरवर्षी होतं.

पुढे कोणत्या स्पर्धा आहेत?

तालुका-जिल्हा विज्ञान प्रदर्शन तर असतंच. केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत सहावीपासूनची मुलं आपली नवी कल्पना पाठवू शकतात. नाव शाळेमार्फत ऑनलाइन जातं आणि निवड झाली तर प्रतिकृतीसाठी दहा हजार रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. म्हणून खातं आधीच उघडून ठेवा. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून चालते, १० ते १७ वयासाठी, आणि तिथे आपल्या परिसरातल्या प्रश्नावर केलेलं कामच लागतं. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ घेतं, सहावी आणि नववीसाठी. ती मराठीतूनही देता येते, आणि पुढच्या टप्प्यांत प्रात्यक्षिक, मुलाखत आणि प्रकल्प असतो.

पण स्पर्धेसाठी प्रकल्प करू नका. आधी प्रकल्प होऊ दे, त्यात दम असेल तर आम्हीच पाठवू.

दिवाळीच्या सुट्टीत काय करायचं?

किल्ला करा, आणि पक्षी पाहा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. रोज एकाच जागी, एकाच वेळी वीस मिनिटं बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. नाव आलं नाही तर वर्णन लिहा: ‘चिमणीपेक्षा मोठा, काळा-पांढरा, शेपटी सतत वर-खाली.’ थंडीत आलेला धोबी होता तो. नाव मी सांगेन, पण शेपटीची हालचाल तुम्ही पाहिलेली असली पाहिजे.

प्रकल्पवही परत मिळते का?

एप्रिलमध्ये मिळते, न विसरता घेऊन जा. पावसाची वही मात्र मी मुलाला विचारून शाळेत ठेवून घेते. कपाटाच्या खालच्या खणात त्या वर्षांच्या क्रमानं लावल्या आहेत. जूनमध्ये नवा गट आला की पहिल्या दिवशी तो खण उघडून देते, आणि मुलं आपापल्या ताई-दादांचं अक्षर शोधत बसतात.